दादाचं दुकान आणि आईचा मास्क

(ओळख पटू नये म्हणून पत्रातले काही तपशील गाळून हा गोषवारा दिला आहे.)

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका परिचारिकेचं पत्र आलं आहे. वय ४७, नोकरी सरकारी रुग्णालयात. त्यांच्या मोठ्या भावाचं बाजारपेठेत साड्यांचं दुकान होतं, वडिलांनी सुरू केलेलं. कोरोनाच्या दोन वर्षांत ते कर्जात गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये भावाने गाळा सोडला. आता तो दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितो. मे २०२१ मध्ये वडील कोरोनाने गेले. त्याआधी काही दिवस भाऊ एका लग्नाला विनामास्क जाऊन आला होता आणि बंदी असताना अर्धं शटर उघडून गिऱ्हाइकं करत होता. वडील गेले त्याच आठवड्यात बहीण त्याला म्हणाली, "तुझ्यामुळे बाबा गेले." तो म्हणाला, "तुमचा पगार एक तारखेला होत होता, म्हणून तुम्हाला लॉकडाऊन गोड लागत होता." तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं.

आई ७४ वर्षांची. कॅन्सरचं निदान झालंय, केमोथेरपी चालू आहे, सध्या मुलीकडे असते. गौरी-गणपती भावाकडे, मूळ घरात असतात आणि आईला तिथे जायचंय. बहिणीने निरोप पाठवला की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मास्क लावावा, गर्दी कमी ठेवावी. भावाचं उत्तर आलं, "माझ्या घरात ते नाटक परत नको." पत्राचा शेवट असा आहे: "मास्क आणि लॉकडाऊन बरोबर होते याचे ठोस पुरावे द्या. ते मी दादासमोर ठेवते. त्याला पटलं नाही तर आईला पाठवणार नाही."

प्रिय ताई,

पुरावे मागितलेत, ते पुढे देते. पण ते दादासमोर ठेवण्यासाठी देत नाही, हे आधीच सांगते. तुम्हीच लिहिलंय की २०२१ मध्ये तो व्हॉट्सअॅपवर सक्तीची टाळेबंदी न केलेल्या स्वीडनचे आकडे पाठवायचा आणि तुम्ही त्याला वॉर्डात किती खाटा भरल्या ते कळवायचात. कुणाचं मत बदललं त्याने? बाबा मात्र त्याच दिवसांत गेले, आणि ज्या दोघांनी एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचं, ती दोघं आकड्यांवरून भांडत राहिली.

तुमच्या शेवटच्या मागणीतला 'आणि' मला खुपतो. 'मास्क आणि लॉकडाऊन.' या दोन गोष्टी आपण सगळ्यांनीच इतक्या घट्ट बांधून टाकल्या की एक मान्य केली तर दुसरीही मान्य करावी लागेल, असं वाटायला लागलं. दादाला तेच वाटतंय. आईसाठी चार दिवस मास्क लावला म्हणजे आपलं दुकान बंद पाडलं ते बरोबर होतं, याच्यावर आपण सही केली, असं त्याच्या मनात आहे. म्हणून तो चिडतो. आणि तुम्हीही नेमकी तीच सही मागताय.

आधी लॉकडाऊनबद्दल बोलू.

देशभरातला लॉकडाऊन सुरू झाला तो २५ मार्च २०२० ला. आदल्या रात्री आठला घोषणा, बाराला अंमल, मध्ये चार तास. त्या दिवशी गुढीपाडवा होता. साड्यांच्या दुकानाचं वर्ष कसं चालतं हे तुम्ही त्याच घरात वाढलेल्या, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पाडवा, अक्षय्य तृतीया, मग लग्नसराई, या दोन-अडीच महिन्यांत जे कमावायचं त्यावर पावसाळा काढायचा. माल आधीच उधारीवर भरलेला असतो. त्या वर्षी कर्जाचे हप्ते मार्च ते ऑगस्ट पुढे ढकलता आले, पण व्याज चालूच होतं. गाळ्याचं भाडंही.

दुसरं वर्ष पाहा. २०२१ मध्ये ५ एप्रिलच्या रात्रीपासून अत्यावश्यक सोडून बाकी दुकानं बंद. पाडवा होता १३ एप्रिलला. त्याच संध्याकाळी 'ब्रेक द चेन'चे आणखी कडक निर्बंध जाहीर झाले. पुढच्या आठवड्यात तर लग्न पंचवीस माणसांत, दोन तासांत उरकायचा नियम आला. पंचवीस माणसांच्या लग्नाला मानपानाच्या साड्या किती लागणार? राज्य सरकारने तेव्हा नोंदणीकृत फेरीवाले, रिक्षाचालक, बांधकाम मजूर, घरकामगार यांना दीड-दीड हजार रुपये जाहीर केले. तेही अपुरेच होते, पण त्या यादीत साड्यांचा दुकानदार नव्हताच. ऑगस्टच्या सुरुवातीला बहुतेक जिल्ह्यांना सवलती मिळाल्या तेव्हा जे ११ जिल्हे मागे ठेवले गेले, त्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा होते. आणि निर्बंध पूर्ण उठले, मास्क ऐच्छिक झाला, तो दिवस २ एप्रिल २०२२. तोही पाडवाच. त्या पाडव्याला दादाकडे उघडायला शटर राहिलं नव्हतं.

हे तीन पाडवे मी एवढे सविस्तर लिहिले, कारण तुमच्या सहा पानी पत्रात दुकानाला चार ओळी मिळाल्या आहेत. ते दुकान बाबांचं होतं. म्हणजे दादाच्या हातून बाबा एकदा मे २०२१ मध्ये गेले आणि पुन्हा एकदा जानेवारी २०२२ मध्ये. पहिल्या वेळी सांत्वनाला निदान माणसं आली असतील, दारात उभी राहून का होईना. दुसऱ्या वेळी कोण आलं?

मग लॉकडाऊन चुकीचा होता का? माझं मत सांगते. मार्च २०२० मध्ये हा विषाणू कसा वागतो हे धड कुणालाच कळत नव्हतं, चाचण्या तुटपुंज्या होत्या, तुमच्यासारख्यांना अंगावर घालायला धड किट नव्हते. तयारीसाठी वेळ हवा होता आणि तो माणसांना घरात ठेवूनच मिळणार होता. पण चार तासांत? ज्यांचं हातावर पोट आहे त्यांनी त्या चार तासांत काय करायचं होतं, याचा विचार घोषणेत नव्हता. त्या वर्षी ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे चालत निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी मला अजून आठवतात. लॉकडाऊनने किती जीव वाचवले याचा हिशेब मांडताना हे सोळा कोणत्या रकान्यात लिहायचे?

एप्रिल २०२१ चं मात्र माझं मत वेगळं आहे. तेव्हा खाट नव्हती, ऑक्सिजन नव्हता, गाडीत बसलेला माणूस रुग्णालयाच्या फाटकात जात होता. तुम्ही आत होतात, मी सांगायला नको. गर्दी त्या वेळी तोडायलाच हवी होती असं मला आजही वाटतं. पण ज्याचं दुकान सगळ्यांच्या भल्यासाठी बंद करायचं, त्याचं भाडं-व्याज सगळ्यांनी मिळून उचलायला हवं होतं. ते झालं नाही. शिवाय त्याच एप्रिलमध्ये बंगालमध्ये प्रचारसभा भरत होत्या आणि हरिद्वारला कुंभ चालू होता. टीव्हीवर ती गर्दी पाहायची आणि आपल्या अर्ध्या शटरवर पावती फाडून घ्यायची, हे ज्याच्या वाट्याला आलं त्याला राग यायला नको का?

स्वीडनचंही एकदा पाहून घेऊ, कारण तो दादाचा हुकमी मुद्दा. तिथल्या सरकारनेच नेमलेल्या आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अंतिम अहवाल दिला. सक्तीची टाळेबंदी न करणं मुळात योग्यच होतं, असं तो म्हणतो. आणि त्याच अहवालात असंही आहे की सुरुवातीच्या काळात जास्त लवकर आणि जास्त कडक पावलं उचलायला हवी होती. दादा पहिलं वाक्य पाठवत असणार. तुम्हाला दुसरं सापडलं असतं तर तुम्ही ते पाठवलं असतं. दोन्ही वाक्यं एकाच अहवालातली आहेत.

तेव्हा लॉकडाऊन बरोबर होता हे दादाकडून कबूल करून घेण्याचा नाद सोडा. तो प्रश्न असा हो-नाहीत संपणाराच नाही. कोणता लॉकडाऊन, कधीचा, किती दिवसांचा, आणि कुणाच्या खिशातून, असं एकेक विचारावं लागतं. त्यातल्या निदान शेवटच्या प्रश्नावर दादाची बाजू खरी आहे असं मला वाटतं.

हे भांडण आपल्याकडे नवीनही नाही. २०२० मध्ये जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधला. त्या वर्षी पुण्यात प्लेगचा बंदोबस्त पाहणारा इंग्रज अधिकारी रँड याच्या हाताखालचे सोल्जर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत बूट गेले, बायकामाणसांना बाहेर काढून तपासलं. २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. आणि त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये, रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुल्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. साथ आटोक्यात यावी हे दोन्हीकडे होतं. एकीकडे बूट होते आणि दुसरीकडे कपाळावर ठेवलेला हात. लोक ज्याच्यावर चिडले ते बूट होते.

मास्कचं दुर्दैव असं की तो आपल्याकडे बुटांबरोबर आला. मुंबई महापालिकेने ८ एप्रिल २०२० ला तो सक्तीचा केला, मग सगळीकडे दंड, क्लीन-अप मार्शल, चौकातले पोलीस. मास्क का लावायचा हे समजायच्या आधी तो न लावल्याची पावती हातात आली. त्यातून सुरुवातीचे सल्लेही उलटसुलट. निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असं आधी सांगितलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने गर्दीच्या ठिकाणी सर्वांनी मास्क लावावा असं म्हणायला जून २०२० उजाडला. विषाणू नुसत्या शिंतोड्यांतून नाही तर बंद खोलीतल्या हवेतूनही पसरतो, हे नीट स्वीकारलं जायला आणखी वेळ गेला. तोवर आपण पिशव्या धुत होतो, भाजी सोड्यात बुडवत होतो आणि खिडक्या बंद ठेवत होतो. लोकांचा विश्वास उडाला तो काही मूर्खपणाने नाही.

आता पुरावे. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बांगलादेशातल्या सुमारे सहाशे गावांत, तीन लाखांहून जास्त प्रौढांवर एक मोठा प्रयोग झाला. काही गावांत मास्क फुकट वाटले, कसा लावायचा ते दाखवलं, बाजारात आणि मशिदीत पुन्हा पुन्हा आठवण केली. दंड नाही. नीट मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. रक्तचाचणीने सिद्ध झालेला, लक्षणं असलेला संसर्ग त्या गावांत साधारण ९ टक्क्यांनी कमी आढळला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीपुढच्यांमध्ये ही घट ३५ टक्क्यांच्या आसपास होती. कापडी मास्कचा फायदा मात्र तितका स्पष्ट दिसला नाही.

दादा कदाचित दुसरा अभ्यास पुढे करेल. जानेवारी २०२३ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. लोकांमध्ये मास्कचा प्रसार करून संसर्गात फारसा फरक पडल्याचं दिसत नाही, असं त्यात होतं. 'मास्क निरुपयोगी, सिद्ध झालं' अशा बातम्या जगभर झाल्या. मार्चमध्ये त्या संस्थेच्या मुख्य संपादकांनी खुलासा केला की असा अर्थ काढणं चुकीचं आहे. उपलब्ध प्रयोगांतून ठाम निष्कर्ष निघत नाही, एवढंच म्हणता येतं. मला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं. 'मास्क लावा' असं लाखो लोकांना सांगितल्याने काय होतं, हा एक प्रश्न. एका खोलीत, एका माणसाने, तोंडाला नीट बसणारा चांगला मास्क लावल्याने काय होतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर धूसर आहे. दुसऱ्याचं तुम्ही रोज पाहता: शस्त्रक्रियागृहात, क्षयरोगाच्या वॉर्डात.

आणि तुमच्यापुढे आत्ता फक्त दुसरा प्रश्न आहे. शहर, राज्य, देश, यांतलं काही नाही. एक घर आहे, एक बाई आहे, आणि केमोमुळे तिच्या रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या आहेत. तिला कोरोनाच व्हायला हवा असंही नाही. साधा फ्लू, नातवंडांची सर्दी, एवढंही पुरेसं आहे. जिथे केमोचे रुग्ण असतात तिथे कोरोनाच्या कितीतरी आधीपासून मास्क लावतातच. २०२० हे साल पंचांगात नसतं तरी आईसाठी हेच करावं लागलं असतं. दादाला एवढंच कळलं तर पुरे आहे. बाकीचा वाद तुम्ही दोघं म्हातारे झाल्यावर घाला.

आता जे लिहायला मला जड जातंय ते.

"तुझ्यामुळे बाबा गेले." हे वाक्य तुम्ही पाच वर्षांत परत घेतलेलं नाही. पत्रात लिहिलंय, "बोलायला नको होतं, पण खोटं नव्हतं." ताई, ते खरं होतं हे तुम्हाला कसं कळलं? लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जायचे आणि लक्षण नसलेल्या माणसाकडूनही ती व्हायची. एप्रिल २०२१ मध्ये लग्न हे एक ठिकाण होतं, दुकान हे दुसरं. बाबा त्याच काळात लस घ्यायला रांगेत उभे होते, दूध आणायला जात होते. आणि पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की दर रविवारी ड्यूटी संपवून तुम्ही त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला जात होतात.

हे मी तुमच्यावर उलटवायला लिहीत नाही. कृपा करून तसं वाचू नका. तुम्ही दारातूनच गोळ्या दिल्या असणार, दोन-दोन मास्क लावून, हे मला न सांगता कळतं. मला भीती वेगळीच वाटते. रविवारच्या त्या फेऱ्या तुम्हालाही रात्री आठवत असतील. तो प्रश्न स्वतःला विचारणं असह्य आहे, म्हणून तो दादाकडे गेला, असं तर झालं नाही? आणि दादाने लग्नाबद्दल स्वतःला तोच प्रश्न हजार वेळा विचारला असेल. 'मास्क म्हणजे नाटक' असं ठासून म्हणणाऱ्या माणसाला एखादे वेळी ते तसंच असावं लागतं. कारण मास्कने फरक पडत असेल, तर तो त्या लग्नात बिनमास्कचा उभा होता हे त्याला पेलावं लागेल.

बाबांना कुणी लागण दिली हे कळायला आज कोणताही मार्ग नाही. जे कळूच शकत नाही त्याचा आरोप तुम्ही एका माणसावर ठेवला आहे. तो उचला. त्याच्या मास्कबद्दलच्या मतावर तो अवलंबून ठेवू नका, आईला गणपतीला पाठवण्याच्या अटींतही घालू नका.

दादाच्या वाक्याचंही बोलते, पगाराच्या. ते तुम्हाला किती लागलं ते मला कळतं. किटमध्ये आठ-आठ तास घाम गाळून, स्वतःच्या मुलांपासून वेगळं झोपून मिळवलेला तो पगार होता. अनोळखी माणसांचे शेवटचे व्हिडिओ कॉल तुम्ही हातात फोन धरून लावून दिलेत. तुम्हाला लॉकडाऊन 'गोड' लागला, हे अन्यायाचं बोलणं आहे आणि कधीतरी त्यानेही ते परत घ्यायला हवं. पण त्यातला कण मला स्वतःला टोचतो. मी तेव्हा घरात बसून लिहीत होते, मानधन खात्यात जमा होत होतं आणि 'घरीच थांबा' हे मी फार सहज सांगत होते. आमच्या सोसायटीने कामाच्या बायकांना तीन महिने फाटकातून आत घेतलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बाईंना मी दोन महिने पूर्ण पगार दिला, तिसऱ्या महिन्यात अर्धा. अर्धाच का, याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. 'घरीच थांबा' हे माझं मत होतं, पण त्याची किंमत त्यांच्या घरात मोजली जात होती. दादाला बहुधा असंच काही म्हणायचं होतं. तुम्ही चुकीचा माणूस होतात ते ऐकायला, एवढंच.

आता आईकडे येऊ. तुमच्या पत्रात आईचं एकच वाक्य आहे: "एकदा गौरी जेवताना बघू दे गं." बाकी सगळीकडे आईला काय चालेल, काय नाही, हे तुम्ही आणि दादा ठरवताय. तिला विचारलंत का? गर्दीचा धोका किती, हे तिला तिच्या भाषेत, न घाबरवता सांगितलंत का? चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आहे, आजार तिचा आहे आणि सण तिचा आहे. ती कदाचित म्हणेल की मी मास्क लावते, पण माझ्या घरात मला चार माणसं दिसू द्या. किंवा म्हणेल, आरतीपुरतं नेऊन आण. तिने काय निवडलं ते कळल्याशिवाय तुमचं 'पाठवणार नाही' आणि दादाचं 'नाटक नको', दोन्ही हवेतच आहेत. न पाठवणं हाही एक पर्याय आहे, आणि पेशी फारच खाली असल्या तर तोच बरोबर. पण तो कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलेला असावा, भावावर काढलेला राग नसावा.

तुम्ही परिचारिका आहात, पुढचं तुम्हाला पाठ असेल. पण घरात केमोचा, डायलिसिसचा किंवा प्रत्यारोपण झालेला माणूस असलेली पुष्कळ मंडळी हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी लिहिते. सर्वांत आधी तारखा पाहा. बऱ्याच केमोंत डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. गौरीपूजन त्यात येतंय का, डोस चार दिवस मागे-पुढे करता येईल का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. आपल्या मनाने डोस हलवू नका. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस वेळेवर घेतलेली असावी. ज्याला सर्दी, खोकला, ताप आहे त्याने त्या दिवशी यायचं नाही, हा नियम मास्कपेक्षाही मोठा, आणि तो पाळायला कुणाचं राजकीय मत आड येत नाही. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा, पंखा चालू. आईला सर्वांत हवेशीर जागी बसवा. जुन्या घराचा सोपा असेल तर तिथेच. मास्क सगळ्या गावाला नको. जो तिच्या जवळ बसून बोलणार आहे त्याने लावावा, आणि तिने गर्दीच्या वेळी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लावावा, झडप नसलेला. उघड्यावर राहिलेला प्रसाद, कापून ठेवलेली फळं तिला नकोत. अंगात १००.४ फॅरनहाइट ताप दिसला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, गौरी असोत की विसर्जन, थेट रुग्णालय गाठायचं.

आणि वेळ वाटून घेता येते. सकाळची आरती फक्त घरच्यांची. गौरी जेवतात त्या वेळी आई देवघरासमोर, आणि बाहेरच्या सवाष्णींची पंगत दुसऱ्या खोलीत, किंवा ती निघून आल्यावर. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका दारातून तिला नमस्कार करतील. असं केल्याने सण बाटत नाही. २०२० च्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पायी सोहळा झाला नाही, पण पादुका पोचल्या, आणि ज्या वारकऱ्यांचा आयुष्यभराचा नेम मोडला त्यांनी घरच्या उंबऱ्यावर हात जोडले. आईला हे सांगून पाहा, तिला पटेल.

राहिला दादा. त्याला तुम्ही निरोप पाठवलात, असं लिहिलंय. कुणाकरवी? वहिनींकरवी. ताई, हे निरोपाने सांगायचं काम नव्हतं. त्याला तो पुन्हा एक नियमच वाटला असेल, वरून आलेला. स्वतः जा. बाजारपेठ दुपारी मिटते त्या वेळी जा, त्याला घाईत गाठू नका. मोबाइलमधला एकही लेख उघडू नका. आधी दुकानाचं बोला. 'गाळा सोडलास त्या दिवशी मी आले नाही, यायला हवं होतं,' इतकं जरी म्हणालात तरी चालेल, जर ते मनापासून वाटत असेल तर. मग बाबांचं. 'त्या आठवड्यात मी जे बोलले ते मला माहीत नसताना बोलले.' तो गप्प बसेल, किंवा जुनंच काही उकरून काढेल. काढू द्या. त्या दिवशी उत्तर देऊ नका. तुमच्या बाजूचं दुःखही त्याला कधीतरी ऐकावं लागेल, पण ते याच दुपारी झालं पाहिजे असं नाही.

आईचं सांगताना 'मास्क' या शब्दाने सुरुवात करू नका. तिचा डोस कोणत्या तारखेला आहे, त्यानंतर ती कशी गळून जाते, तोंडाला कशी चव राहत नाही, केस गेल्यावर तिने बाबांचा मफलर कसा डोक्याला गुंडाळला, हे सांगा. तो तिचा मुलगा आहे आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याने तिला केमो सुरू झाल्यापासून जवळून पाहिलेलंच नाही. एखाद्या डोसला त्याला बरोबर न्या. तिथे खुर्च्यांवर ओळीने बसलेली माणसं, त्यांच्याबरोबर आलेली मुलं-सुना, सगळी मास्क लावून असतात आणि तिथे कुणी कुणाशी वाद घालत नसतं. त्याला तिथे बसू दे.

इतकं करूनही तो नाही म्हणाला तर? तर आई आणि तुम्ही मिळून ठरवा, आणि तिला पहाटेच्या आरतीला तुम्हीच घेऊन जा, तासाभरात परत आणा. त्याच्या घरातल्या माणसांना मास्क लावायला लावणं तुमच्या हातात नाही. आईच्या तोंडावरचा मास्क, तिची बसायची जागा आणि निघायची वेळ, हे तुमच्या हातात आहे.

पत्रात एका कोपऱ्यात तुम्ही लिहिलंय की मखर दर वर्षी बाबाच करायचे, पुठ्ठा आणि रंगीत कागद घेऊन चार रात्री बसायचे, आणि ते गेल्यापासून दादा बाजारातून तयार मखर आणतो. दुपारी जाल तेव्हा त्याला विचारा, बाबांची ती कात्री आणि पट्टी अजून घरात आहे का. असली तर या वर्षी मखर तुम्ही दोघांनी करायला घ्या. आई सोप्यात बसून सांगेल कुठे काय चिकटवायचं ते.